कमी तासांचा आठवडा: हवासा वाटतो, मग घेतला का जात नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कामाच्या तासांबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. पगार सगळ्यांचे वेगळे, म्हणून हिशोब मांडताना पूर्ण पगार सगळीकडे 100 धरला आहे. तुमचा आकडा त्या जागी घालून पाहा.

आमच्याकडे चार दिवसांचा आठवडा ऐच्छिक ठेवला, पगार पाचव्या हिश्शानं कमी. दोनशे जणांपैकी सहा जणांनी अर्ज केले. आता व्यवस्थापन म्हणतं, "लोकांनाच नकोय." हे खरं मानायचं का?
*कामगार संघटनेच्या एक पदाधिकारी*

नाही. सहा अर्जांवरून कळतं ते इतकंच, की आजच्या पगारातला पाचवा हिस्सा सोडून एक दिवस घेणं बहुतेकांना परवडत नाही किंवा तेवढा धीर होत नाही. कमी तास हवेत का, हा प्रश्न त्यांना अजून विचारलाच गेलेला नाही.

परवडण्याचं आधी पाहू. पगार 100, त्यातले पहिले 50 करमुक्त आणि वरच्या रकमेवर 20 टक्के कर धरला तर हातात 90 येतात. पगार 80 झाला की हातात 74. म्हणजे 16ची घट, साधारण अठरा टक्के. झेपेल असं वाटतं. पण घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, विमा, मुलांची फी, विजेचं बिल यांत दरमहा 60 जात असतील तर ते तसेच जात राहतात. हातखर्चाला, अडीनडीला आणि शिलकीला जे 30 उरत होते, त्यांचे 14 होतात. घरात जाणवते ती घट अठरा टक्क्यांची नसते, निम्म्याहून जास्त असते. ज्यांचे हप्ते जड आहेत त्यांचे अर्ज येत नाहीत ते यामुळे. त्यांना वेळेची किंमत कळत नाही, असा अर्थ त्यातून काढणं अन्यायाचं आहे.

हाच सौदा पुढे येणाऱ्या वाढीतून मांडला की उत्तरं पालटतात. जर्मन रेल्वेतल्या ईव्हीजी या संघटनेनं 2016च्या अखेरीस केलेला करार या बाबतीत फार शिकवून जातो. कामगारांपुढे तीन पर्याय होते: पगारात 2.6 टक्के वाढ, आठवड्याला एक तास कमी, किंवा वर्षाला सहा दिवस जादा रजा. 56 टक्के लोकांनी रजा घेतली. उरलेल्यांतल्या बहुतेकांनी पैसे घेतले. आठवड्याचा एक तास फारच थोड्यांनी घेतला. आता गंमत नव्हे तर मुद्दा असा, की एक तास आणि सहा दिवस हे वेळेच्या मापानं जवळजवळ सारखेच आहेत. 39 तासांच्या आठवड्यात दिवस 7.8 तासांचा, त्याचे सहा म्हणजे 46.8 तास. आठवड्याला एक तास, वर्षाकाठी प्रत्यक्ष कामाचे 45 आठवडे, म्हणजे 45 तास. फरक मापात नाही, आकारात आहे. आठवड्याचा एक तास म्हणजे रोजची बारा मिनिटं. ती जागेवरून उठता उठता, दारात कोणाशी बोलता बोलता संपतात. सहा दिवस मात्र कॅलेंडरवर दिसतात, आधी ठरवता येतात आणि साहेबाला परस्पर गिळता येत नाहीत. फ्रान्समध्ये 2000 साली वीसहून जास्त कामगारांच्या आस्थापनांत 35 तासांचा आठवडा आला, तेव्हाही अनेक ठिकाणी रोजचे तास फारसे न बदलता फरक सुट्टीच्या दिवसांत दिला गेला. कारण तेच.

जर्मनीच्याच धातू उद्योगात आयजी मेटाल संघटनेच्या 2018च्या करारात दोन वाटा होत्या. पहिली वाट: सहा महिने ते दोन वर्षं आठवडा 28 तासांवर आणायचा, पगार त्या प्रमाणात कमी, मुदत संपली की पूर्ववत. दुसरी: 2019पासून वर्षातून एकदा मिळणार असलेली, महिन्याच्या पगाराच्या 27.5 टक्क्यांची नवी रक्कम सोडून आठ दिवस रजा घ्यायची. ही दुसरी सोय पाळीत काम करणाऱ्यांना, लहान मुलं असलेल्यांना आणि घरात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांना होती. दुसऱ्या वाटेनं लाखाहून जास्त लोक गेले, पहिलीनं तुलनेनं फार थोडे. नीट पाहा: 27.5 टक्के म्हणजे साधारण सहा दिवसांचा पगार, आणि मिळाले आठ दिवस. दोन दिवसांचा भार मालकांनी उचलला होता. शिवाय ती रक्कम अजून कोणाच्या हातात पडलेलीच नव्हती. न आलेला पैसा सोडणं आणि येत असलेला पैसा सोडणं, यांत माणूस फरक करतो. त्याचा खर्च आलेल्या पैशावर बसलेला असतो.

पगार कापावाच लागला तरी कापण्याची तऱ्हा महत्त्वाची. फोक्सवॅगननं 1994मध्ये जर्मनीतल्या कारखान्यांत आठवडा 36 तासांवरून 28.8वर आणला. पर्याय होता तो सुमारे 30,000 लोकांना घरी बसवण्याचा. वर्षाची कमाई घटली, पण दरमहाची रक्कम टिकवली. वर्षातून एकदा मिळणारे बोनस आणि रजेचे भत्ते बारा महिन्यांत वाटून टाकले. हप्ते महिन्याला भरायचे असतात, म्हणून ही युक्ती चालली.

तेव्हा पुढच्या करारात मत घ्याल तेव्हा "हवंय की नको" असं विचारू नका. येणाऱ्या वाढीतला किती भाग वेळेत घ्यायचा, ते विचारा आणि निदान तीन आकार पुढे ठेवा: अख्खा दिवस, रजेचे दिवस, आणि रोजचा कमी वेळ. एक तक्ता बरोबर द्या. पगारवाढ महागाईपेक्षा दरवर्षी 2 टक्के जास्त असेल, आणि ती सगळी वेळेत घेतली, तर खऱ्या पगाराला हात न लावता 40चे 36 तास व्हायला पाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. 32 तासांपर्यंत पोचायला सव्वाअकरा वर्षं. हे आकडे दाखवले की लोक सौदा समजून घेतात आणि खोटी आशाही धरत नाहीत.

एक दिवस कमी केला तर मला नक्की किती कमी मिळेल? ऑफिसात विचारलं तर "वीस टक्के" एवढंच सांगतात.
*लेखा विभागातल्या एक वाचक*

वीस टक्के हा आकडा पगारपत्रकाचा आहे, तुमच्या घराचा नाही. कागद घ्या आणि या क्रमानं जा.

आधी करानंतरचा फरक काढा. वरच्या उदाहरणात 20ची कपात हातात 16ची झाली, कारण कर वरच्या टप्प्यातून कमी होतो. मग कामावर जाण्यामुळेच होणारा खर्च लिहा: प्रवास, बाहेरचं खाणं, मुलांना सांभाळणारं माणूस. प्रवासाला महिन्याला 10 लागत असतील तर दिवस गेल्यावर 8, सांभाळण्याचे 15 असतील तर 12. म्हणजे 5 वाचले आणि खरा तोटा 11वर आला. पण मासिक पास घेत असाल किंवा पाळणाघर अख्ख्या महिन्याचे पैसे घेत असेल तर यातलं काहीच वाचत नाही. इथे चूक फार होते, म्हणून आधी विचारून घ्या.

आता मिळालेला वेळ. अख्खा दिवस सुटला तर कामाचे आठ तास, जेवणाचा अर्धा तास आणि जाण्यायेण्याचा समजा दीड तास, असे दहा तास परत येतात. तेच आठ तास पाच दिवसांत वाटून रोज एक तास छत्तीस मिनिटं लवकर निघालात तर प्रवास पाचही दिवस करावाच लागतो. पैसे तेवढेच जातात, वेळ दोन तासांनी कमी मिळतो. मुलं शाळेतून यायच्या वेळी घरी असणं हाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लवकर निघणंच कामाचं.

शेवटी जे पगारपत्रकात दिसत नाही ते लेखी विचारा. निवृत्तिवेतन शेवटच्या पगारावर ठरतं की सगळ्या वर्षांच्या सरासरीवर? शेवटच्या पगारावर ठरत असेल तर निवृत्तीच्या तोंडावर तास कमी करणं आयुष्यभर महागात पडतं. विम्याला किंवा बोनसला किमान तासांची अट आहे का? नोकरी गेल्यास मिळणारी भरपाई कोणत्या पगारावर मोजतात? रजा वीसच्या सोळा होतील आणि चार गेल्यासारखं वाटेल, पण चार दिवसांच्या आठवड्यात सोळा दिवस म्हणजे पूर्वीइतकेच चार आठवडे. सार्वजनिक सुट्ट्यांचं मात्र सांभाळा. ज्या वारी त्या जास्त येतात तोच वार तुम्ही मोकळा ठेवलात तर सुट्ट्या वाया जातात. सुट्ट्या तासांत मोजून तुमच्या खात्यावर जमा करण्याची पद्धत मागून घ्या.

पगार न कापता चार दिवस देतो, पण रोज दहा तास, असा प्रस्ताव आहे. घ्यावा का?

तास तेवढेच राहतात, त्यामुळे याला कमी तासांचा आठवडा म्हणू नका. दहा तास काम, अर्धा तास जेवण, दीड तास प्रवास, म्हणजे बारा तास घराबाहेर. झोपेचे आठ काढले तर उरतात चार. एकट्या माणसाला, लांबून येणाऱ्याला हे जमतं. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांना जमत नाही, कारण रोजचं काम पाचव्या दिवसावर ढकलता येत नाही. बेल्जियममध्ये नोव्हेंबर 2022पासून पूर्ण आठवडा चार दिवसांत बसवून मागण्याचा हक्क आहे, 38 तासांच्या आठवड्याला रोज साडेनऊ तास. तो वापरणारे फार थोडे निघाले.

काम अंगमेहनतीचं, यंत्रावरचं किंवा गाडी चालवण्याचं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: नको. आठव्या-नवव्या तासानंतर अपघाताचा धोका चढत जातो.

आमचा कारखाना चोवीस तास, सातही दिवस चालतो. चार तुकड्या आहेत. तास कमी करा म्हटलं की "पाळ्यांत बसत नाही" हे उत्तर मिळतं. खरंच बसत नाही का?
*पाळी पर्यवेक्षक*

बसतं, पण एका उडीत. आठवड्याचे एकूण तास 168. चार तुकड्यांत वाटले तर प्रत्येकीला सरासरी 42, पाच तुकड्यांत वाटले तर 33.6. मधल्या 38 किंवा 36ला सरळ जागा नाही, म्हणून "बसत नाही" असं वाटतं.

चार तुकड्यांचं साधं चक्र आठ दिवसांचं असतं: दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्र, दोन सुट्टी. पाच तुकड्यांचं दहा दिवसांचं: तेच सहा दिवस काम आणि मग चार सुट्टी. रात्रपाळीनंतरची पहिली सुट्टी झोपेतच जाते. चारच्या चक्रात खरी मोकळी सुट्टी एक उरते, पाचच्या चक्रात तीन. पाळीतल्या कामगाराला कमी तासांचं महत्त्व कार्यालयातल्या माणसापेक्षा लवकर पटतं ते या एका फरकामुळे.

आता माणसं किती लागतील ते. एक जागा चोवीस तास भरायची, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून 12 टक्के गैरहजेरी धरायची. 40 तासांच्या कामगाराचे प्रत्यक्ष तास 35.2, म्हणजे जागेमागे 4.77 माणसं. 36 तासांना 5.30. 32 तासांना 5.97, म्हणजे सहा. व्यवस्थापनाशी बोलताना हे आकडे तुमच्या खऱ्या हजेरीपटावरून काढा. बारा टक्के हे आम्ही धरलेले आहेत, तुमच्याकडे जास्तही असतील. आणि आज जादा कामावर किती खर्च होतो तो त्यातून वजा करा. पुष्कळ ठिकाणी चार तुकड्या कागदावर पुरतात आणि प्रत्यक्षात जादा पाळ्यांवर चालतात.

पगार 36 तासांचा ठेवून पाच तुकड्या केल्या तर प्रत्येक जण आठवड्याला 2.4 तास, म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा पाळ्या देणं लागतो. त्याच पाळ्या रजेवर गेलेल्यांच्या जागी वापरतात. योजना बिघडते ती नेमकी इथे. त्या पाळ्या आदल्या दिवशी फोन करून मागितल्या जाऊ लागल्या की चार दिवसांच्या सुट्टीला काही अर्थ उरत नाही आणि लोक म्हणतात, "जुनंच बरं होतं." निदान तीन चतुर्थांश पाळ्या वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात टाका, बाकीच्यांना चार आठवड्यांची आगाऊ सूचना, आणि त्याहून उशिरा बोलावलं तर जादा कामाचा दर.

दुसरी वाट लहान पाळ्यांची. अमेरिकेत बॅटल क्रीक इथल्या केलॉगच्या कारखान्यात 1930मध्ये आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या केल्या आणि तासाचा दर 12.5 टक्क्यांनी वाढवला. दिवसाची कमाई तरीही आठ तासांच्या जुन्या कमाईच्या साधारण 84 टक्केच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक विभाग मत देऊन आठ तासांकडे परतला, बायकांचे विभाग जास्त काळ टिकले, आणि शेवटच्या सहा तासांच्या पाळ्या 1985मध्ये बंद झाल्या. पन्नास वर्षांहून जास्त चाललेली व्यवस्था अशक्य होती असं कोणी म्हणू नये. मात्र जवळच आठ तासांचा पूर्ण पगार मिळत असताना सहा तास धरून ठेवणं किती कठीण जातं, हेही त्यातून दिसतं.

मी पाचऐवजी चार दिवस घेतले. पगार कमी झाला, काम तेवढंच. पाचव्या दिवशीही फोन येतो. परत पाच दिवस करावे असं वाटतं.
*प्रकल्प विभागातल्या एक वाचक*

परत जाण्याआधी एक गोष्ट करा, जी सुरुवातीलाच व्हायला हवी होती. तीन आठवडे काय करता ते अर्ध्या तासाच्या मापानं लिहा. मग यादीतल्या प्रत्येक कामापुढे चारपैकी एक खूण: बंद करायचं, दुसऱ्याला द्यायचं, कमी वेळा करायचं, तसंच ठेवायचं. पहिल्या तीन खुणांची बेरीज आठवड्याला आठ तास होईपर्यंत थांबू नका. ती होतच नसेल तर तुमची जागा पाच दिवसांची आहे, आणि उरलेलं काम कोणाला द्यायचं हे वरिष्ठांनी ठरवायचं आहे, तुम्ही नाही. हा कागद त्यांच्यासमोर ठेवा. "ताण येतो" या वाक्याला उत्तर नसतं, "हे साडेतीन तास कोण करणार" याला द्यावं लागतं.

बैठकांपासून सुरुवात करा. आठ जणांची एक तासाची बैठक म्हणजे आठ तास, एका माणसाचा अख्खा दिवस. आइसलँडमध्ये 2015 ते 2019 दरम्यान सुमारे 2,500 जणांचा आठवडा 40वरून 35-36 तासांवर आणला, पगार न कापता. ब्रिटनमध्ये 2022च्या दुसऱ्या सहामाहीत 61 आस्थापनांतल्या सुमारे 2,900 जणांनी पूर्ण पगारात कमी तास करून पाहिले. दोन्हीकडे बैठका छाटणं, निरोपांची पद्धत बदलणं, कामं पुन्हा वाटणं यावर भर होता. पण तिथे अख्खी तुकडी एकत्र बदलली होती. तुम्ही एकट्या बदललात आणि बाकी सगळ्यांचा आठवडा पाच दिवसांचाच राहिला, त्यामुळे फोन येणारच.

फोनचं असं करा: अडचण कशाला म्हणायची त्याच्या तीन ओळी लिहून सगळ्यांना पाठवा, त्या दिवशी तुमच्या जागी कोण बघणार त्याचं नाव द्या, आणि अडचणीसाठी घेतलेला प्रत्येक फोन वेळेसकट नोंदवा. महिन्याला दोन तासांच्या वर गेलं तर तो वेळ रजेत परत मागा.

आमच्याकडे लोक कमी तास मागतात आणि ओव्हरटाइम मिळाला की आधी धावतात. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. ओव्हरटाइम दीडपट दरानं मिळत असेल आणि तो 44ऐवजी 40 तासांनंतर सुरू झाला, तर 44 तास करणाऱ्याला 44ऐवजी 46 तासांचा पगार पडतो. मूळ पगार तुटपुंजा असेल तर कमी तासांची मागणी ही पुष्कळदा पगाराचीच मागणी असते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेतला 1938चा कायदा याच तत्त्वावर उभा आहे. त्यात तासांवर बंदी नाही, फक्त वरचे तास दीडपट महाग केले आहेत, आधी 44 तासांवर, मग 42, आणि 1940पासून 40.

कोण खरोखर तास कमी करू शकेल हे पाहायचं तर गेल्या बारा महिन्यांत हातात आलेल्या पैशांत ओव्हरटाइमचा वाटा किती, ते मोजा. आमच्या मते तो सहाव्या हिश्शाच्या वर गेला की घर त्या पैशावर बसलेलं असतं. अशा माणसाचे तास आधी कमी करायला जाऊ नका. आधी मूळ पगार वाढायला हवा.

मालकांनाही सांगण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अलीकडे पुन्हा तपासल्या गेल्या. आठवड्याला 49 तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे वाढ मंदावली, आणि 70 तासांचं उत्पादन 56 तासांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. त्या वरच्या चौदा तासांतून कारखान्याला फारसं काही मिळत नव्हतं, पण बाईचं अंग मात्र मोडत होतं. तिथे कामाला बहुतेक बायकाच होत्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021च्या अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

तास कमी करायचे झाले की घरात ते बाईनंच करायचे, असं का होतं?

कारण दर वेळी हिशोब एका महिन्यापुरता होतो. ज्याचा तासाचा दर कमी त्यानं तास सोडले तर घराचा तोटा कमी. बहुतेक घरांत तो दर बाईचा कमी असतो, म्हणून ती सोडते. तास सोडले की बढती लांबते, दर आणखी मागे पडतो, आणि पुढच्या वेळी हिशोब पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवतो. नेदरलँड्समध्ये अर्धवेळ काम मागण्याचा हक्क 2000पासून आहे आणि ते तिथे अगदी सर्वसामान्य आहे, तरीही निम्म्याहून जास्त बायका अर्धवेळ आणि बहुतेक पुरुष पूर्णवेळ, अशीच स्थिती आहे. शिवाय सुटलेला वेळ स्वयंपाक, धुणीभांडी, आजारपणं यांत जातो. म्हणजे ते कमी काम नाही, बिनपगारी काम आहे.

एकानं 40 आणि दुसरीनं 32 करण्याऐवजी दोघांनी 36 करून पाहा. घरातला एकूण वेळ तोच. दोघांचे दर सारखे असतील तर पैसेही तेवढेच, आणि कर टप्प्यांनी चढत असेल तर क्वचित थोडे जास्तही हातात राहतात. दर वेगळे असतील तर महिन्याचा फरक काढा आणि तो दहा वर्षांच्या बढतीच्या नुकसानीशेजारी ठेवून मग ठरवा.

मला सहा महिन्यांसाठी तास कमी करून पाहायचे आहेत. पण अर्ज केला की "याचं कामात लक्ष नाही" असा शिक्का बसेल ही भीती आहे. अर्ज कसा लिहावा?
*एक कनिष्ठ अभियंता*

भीती निराधार नाही. जिथे काम नेमकं मोजता येत नाही तिथे वरिष्ठ तास मोजतात, आणि उशिरापर्यंत बसणारा निष्ठावान ठरतो. अमेरिकेतल्या मोठ्या वकिली कार्यालयांतल्या कनिष्ठ वकिलांवरचा एक अभ्यास 1996मध्ये प्रसिद्ध झाला. पगारवाढीऐवजी कमी तास घ्याल का, असं विचारल्यावर बहुसंख्यांनी कमी तास निवडले. तरीही एकेकटा कोणी ते मागायला पुढे येत नव्हता, कारण भागीदारी जास्त तास बसणाऱ्याला मिळते हे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून पहिला सल्ला: तुमच्याच गटात आणखी कोणाला हवं आहे का ते पाहा आणि अर्ज एकाच दिवशी द्या. दोघा-तिघांच्या अर्जाकडे नियोजन म्हणून पाहिलं जातं.

परतीची खात्री नसणं हे लोक मागे राहण्याचं मोठं कारण आहे. जर्मनीत 2019पासून 45हून जास्त कामगारांच्या आस्थापनांत एक ते पाच वर्षं तास कमी करून पूर्ववत होण्याचा हक्क मिळाला तो त्यासाठीच. नोकरीला सहा महिने झालेले हवेत, अर्ज तीन महिने आधी, आणि मालकानं सुरुवातीच्या एक महिना आधीपर्यंत लेखी नकार दिला नाही तर मागितलेले तास मंजूर धरले जातात. तुमच्याकडे असा कायदा नसेल तर तेच मुद्दे तुमच्या पत्रात घाला.

पत्र एका पानाचं हवं. सुरुवातीची आणि शेवटची तारीख. आठवड्याचे तास आणि कोणता वार मोकळा. कोणती कामं कमी होतील, ती कोणाकडे जातील, त्या व्यक्तीची संमती. त्या दिवशी संपर्क कशासाठी आणि कोणत्या वेळेत. पगार, रजा, सुट्ट्या कशा मोजायच्या. आणि हे वाक्य शब्दशः: "मुदत संपल्यावर मी वेगळा अर्ज न करता सध्याच्याच पदावर, सध्याच्याच तासांवर आणि तेव्हाच्या पूर्ण पगारावर रुजू होईन." कारण लिहायची गरज नाही. लिहिलंत तर चर्चा कामावरून कारणाकडे वळते आणि मग ते कारण पुरेसं आहे का, हे दुसरेच कोणी ठरवू लागतात.

कामाचा जो निकष वरिष्ठ आधीपासून पाहतात, वेळेत दिलेली आरेखनं, परत आलेल्या दुरुस्त्या, काहीही, त्याचे आधीच्या सहा महिन्यांचे आकडे अर्जाला जोडा आणि तोच निकष पुढेही वापरावा अशी मागणी करा. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस बसायची तारीख आताच ठरवा. आणि अर्ज देण्याआधी दोन महिने कमी पगारावर राहून पाहा: पगार आला की फरकाची रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिला हात लावावा लागला तर अर्ज थोडा लांबवा, नाहीतर पाचव्या हिश्शाऐवजी दहावा हिस्सा मागा, म्हणजे दर दोन आठवड्यांनी एक दिवस.